कबरस्तानाची जमीन
(ज्युबिली समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्युबिलीचा दिवस आनंदाचा. अशा दिवशी कबरस्तानाचा विषय काढणे कोणास अप्रशस्त वाटेल. परंतु ज्यांच्या श्रद्धेने हा धर्मग्राम उभा राहिला, त्यांपैकी पुष्कळ जण आज या मंडपात नाहीत. ते जेथे विसावले आहेत त्या जमिनीची विचारपूस केल्यावाचून आपला उत्सव पुरा होणार नाही.

अब्राहामाची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. सारा निवर्तली तेव्हा परमुलखात राहणाऱ्या अब्राहामापाशी तिला पुरण्यापुरतीही जमीन नव्हती. शेताचा मालक एफ्रोन ते तसेच देऊ म्हणाला. पण अब्राहामाने ते फुकट घेतले नाही. त्याने चारशे शेकेल रुपे तोलून दिले, आणि वेशीपाशी जमलेल्या लोकांदेखत मकपेलाचे शेत, त्यातील गुहा व हद्दीतील झाडे आपल्या नावे करून घेतली. पुढे याकोब मिसर देशात मरण पावला तेव्हा त्याच्या पुत्रांनी त्याचे शव तेथवर आणले. मृतांची जमीन टिकावयास दोन गोष्टी लागतात, हे या कथेवरून उघड होते: एक पक्का कागद, आणि दुसरी, तेथे येणारी पुढची पिढी.

आपल्या पुण्यातही ख्रिस्ती जनांचा इतिहास जमिनीपासूनच सुरू होतो. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडील कॅथॉलिक लोक चाकरीस होते. त्यांच्या उपासनेसाठी सन १७९२ मध्ये सवाई माधवराव पेशव्यांनी जागा दिली, आणि त्यातूनच क्वार्टर गेटाजवळचे आपले सिटी चर्च उभे राहिले. १८१८ साली पेशवाई बुडाली. १८८६ साली पुण्याचा धर्मप्रांत स्थापन झाला. १९४७ साली इंग्रजही गेले. देणारे राज्य राहिले नाही, पण देणगी राहिली. कारण तेथे गुडघे टेकणारी माणसे राहिली.

याच्या उलट उदाहरण पाहावयाचे तर अहिल्यानगरच्या रस्त्याने शिरूरास, म्हणजे घोडनदीस जावे. १८०२ च्या वसईच्या तहाने पेशव्यांनी इंग्रजांची तैनाती फौज पत्करली, आणि पुढे शिरूरास तिचा तळ पडला. १८१७ च्या अखेरच्या रात्री कॅप्टन स्टाँटन यांची तुकडी कोरेगावाकडे निघाली ती येथूनच. जेथे छावणी, तेथे कबरस्तान हे ठरलेलेच. त्या काळी लढाईपेक्षा तापाने व पटकीने मरणारे अधिक. पेशवाई संपल्यावर मोठी फौज पुणे व खडकी येथे वसली. शिरूरास घोडदळ राहिले, आणि काळाने तेही गेले. ज्यांच्यासाठी ती जमीन राखली होती त्यांचे आप्त गावात उरले नाहीत. मागे राहिली ती थडगी.

त्यांत एक थडगे कर्नल वॉलेस यांचे आहे. ते १८०९ साली वारले. शिरूरच्या व आसपासच्या खेड्यांतील पुष्कळ हिंदू लोकांनी त्यांस ‘सत्पुरुष’ मानले. हंगामात गावकरी नव्या धान्याचा नैवेद्य त्या थडग्यास आणीत, असे १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात नमूद आहे. आपली श्रद्धा निराळी. आपण मृतांस नैवेद्य दाखवीत नाही, त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. तथापि परक्या मुलखातल्या, परक्या धर्माच्या माणसाची आठवण पाऊणशे वर्षे जतन करणाऱ्या त्या शेतकऱ्यांपुढे, आपण आपल्याच आजोबांच्या कबरेस किती वेळा जातो, हा प्रश्न मनास टोचल्यावाचून राहत नाही.

सत्तेच्या बळानेही हे काम सर्वत्र साधत नाही, याची साक्ष खडकीस आहे. दुसऱ्या महायुद्धातील ज्या कबरींची कायमची निगा जागच्या जागी राखण्याचा भरवसा नव्हता, त्यांच्यासाठी तेथे युद्ध-कबरस्तान करण्यात आले. दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ कबरी तेथे आहेत. पहिल्या महायुद्धातील १,८०० हून अधिक सैनिकांची तर केवळ नावे तेथील स्मारकावर कोरली आहेत. त्यांचे देह भारत व पाकिस्तानातील जुन्या कबरस्तानांत आहेत, पण तेथे त्यांच्या कबरींची नीट निगा राखणे शक्य राहिले नाही.

बंधुभगिनींनो, कबरस्तान एका दिवसात नाहीसे होत नाही. प्रथम एखादे कुटुंब दुसऱ्या गावी जाते व त्याचे येणे थांबते. मग दगडावरील अक्षरे पुसतात. मग कुंपणाच्या सळ्या जातात, भिंत खचते, शेजारची गुरे आत येतात, आणि गुरांमागून शेजाऱ्याची भिंतही आत येते. शेवटी कोणी कागद मागतो, तेव्हा कागद सापडत नाही. सापडला तर मोजणी जुळत नाही.

म्हणून या ज्युबिलीच्या वर्षी जमिनीची सरकारी मोजणी करून घ्यावी, हद्दीचे दगड रोवावे, आणि मालमत्तेच्या कागदांच्या ताज्या नकला चर्चच्या दप्तरी ठेवाव्या. दफनाची नोंद मृतांच्या वहीत करावी, अशी ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या १,१८२ व्या कलमाची आज्ञाच आहे. तिच्या जोडीस कबरींचा नकाशा करावा, आणि जी अक्षरे अजून वाचता येतात ती उतरून घ्यावी.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलणे भाग आहे. शहरात माणसे वाढतात, जमीन वाढत नाही. नव्या मृतासाठी जुनी कबर उघडावी लागली तर त्यात कोणाचा अपमान नाही. आधीच्या मृताचे नाव कोठेही न लिहिता ती उघडणे, हा मात्र अपमान आहे. मोठा संगमरवरी चौथरा बांधून जागा अडविणे आणि मग वर्षानुवर्षे तिकडे न फिरकणे, यास प्रेम म्हणता येणार नाही.

१ ते ८ नोव्हेंबर या दिवसांत कबरस्तानास भक्तिभावाने भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्यास, नेहमीच्या अटी पाळल्यास, शुद्धिस्थानातील आत्म्यांसाठी पूर्ण दंडमाफी मिळविता येते. ही सवलत ख्रिस्तसभेने आपल्याला फार उदारपणे दिली आहे. पुढील ज्युबिली साजरी करणारी माणसे आज आपल्या मांडीवर बसली आहेत, आणि त्या दिवशी आपणांपैकी बरेच जण त्या जमिनीत असू. तेव्हा या नोव्हेंबरात मुलांना हाताशी धरून तेथे न्या, कबरीवरील नाव त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि त्या नावासाठी एक प्रार्थना त्यांना म्हणावयास शिकवा.