पहिल्या पाठातील कासव



अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षात शिकविला जाणारा प्रोग्रॅमिंगचा अभ्यासक्रम एकदा रचून पूर्ण होत नाही. शाळेतच प्रोग्रॅम लिहिलेला विद्यार्थी आणि संगणक प्रथमच हाताळणारा विद्यार्थी एकाच बाकावर बसतात. 'सी प्लस प्लस'चे पहिले पान दुसऱ्यासाठी भिंत ठरू शकते.

मुंबईच्या आयआयटीतील प्रा. अभिराम रानडे यांनी ही भिंत पहिल्याच पाठात खाली आणली. त्यांच्या 'सिंपलसीपीपी' या साधनात पडद्यावर एक कासव असते. 'पुढे जा, ९० अंशांत वळ' ही आज्ञा चार वेळा पाळली, की चौरस उमटतो. कोन चुकला, तर चूक डोळ्यांनाच दिसते. १९६७ च्या 'लोगो' भाषेच्या परंपरेतून मुलांच्या ओळखीचे झालेले कासव असे अभियंत्यांच्या वर्गात आले. 'रिपीट' हा सोपा शब्द आधी, भाषेची मूळ आवर्तन-रचना नंतर, ही मांडणी २०१४ मध्ये त्यांच्या पाठ्यपुस्तकातही आली.

अभ्यासक्रम सुधारणे म्हणजे प्रकरणे वाढविणे किंवा गाळणे नव्हे. विद्यार्थी कोठे अडखळतो हे पाहून, जिन्याची उंची न घटविता, त्या ठिकाणी एक पायरी अधिक बांधणे होय. प्रत्येक नव्या वर्गाबरोबर हे काम पुन्हा आरंभावे लागते.