प्रवेश आणि अधिकार : लेस्ली व्हिसर यांचें कार्य

एखाद्या घराचें दार उघडलें म्हणजे त्या घरांत मान मिळालाच असें होत नाहीं. उंबरठा ओलांडणें ही एक गोष्ट, आणि आंत गेल्यावर चारचौघांनीं आपला शब्द प्रमाण मानणें ही दुसरी. पहिली गोष्ट कायद्याच्या बळावर मिळूं शकते. दुसरी वर्षानुवर्षांच्या कामानेंच मिळवावी लागते, आणि मिळवूनहि ती हातीं राहीलच अशी खात्री नसते. अमेरिकेंतील क्रीडा-निवेदिका लेस्ली व्हिसर यांच्या चरित्रांत या दोन गोष्टींमधील अंतर फार स्पष्ट दिसतें.

व्हिसरबाईंचा जन्म १९५३ सालीं मॅसॅच्युसेट्स राज्यांतील क्विन्सी या गांवीं झाला. आपण क्रीडा-वार्ताहर व्हावें असें या मुलीनें लहानपणींच ठरविलें. त्या काळीं अमेरिकेंतहि हा व्यवसाय पुरुषांची मिरास समजला जात असे. वर्तमानपत्रांच्या क्रीडा-विभागांत स्त्री शोधूनहि सांपडणें कठीण. तथापि आईनें मुलीला वेड्यांत काढलें नाहीं. रस्त्यावरचा दिवा 'थांबा' म्हणत असला तरी केव्हां केव्हां रस्ता ओलांडावाच लागतो, अशा अर्थाचें तिचें उत्तर होतें. पुढें बोस्टन कॉलेजांत शिकत असतां, जेथें बहुतेक सर्व पुरुषच काम करीत अशा व्यवसायांत शिरूं पाहणाऱ्या तरुणींसाठीं असलेलें कार्नेगी संस्थेचें अनुदान त्यांना १९७४ सालीं मिळालें, आणि त्याच्या आधारें 'बोस्टन ग्लोब' या दैनिकाच्या क्रीडा-विभागांत त्यांचा प्रवेश झाला. १९७६ सालीं या दैनिकानें न्यू इंग्लंड पेट्रिअट्स या धंदेवाईक फुटबॉल-संघाच्या वार्ता देण्याचें काम त्यांच्याकडे सोंपविलें. अमेरिकेच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगमधील एखाद्या संघाच्या वार्ता नियमितपणें देणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत.

काम मिळालें, परंतु काम करण्याची जागा मिळाली नाहीं. वार्ताहरांसाठीं जें प्रवेशपत्र असे, त्यावरच 'स्त्रिया व मुलें यांस वार्ताहर-कक्षांत मज्जाव आहे' अशा अर्थाची सूचना छापलेली त्यांना वाचावी लागली. त्याहून मोठी अडचण लॉकर-रूमची. अमेरिकेंत अशी रूढि आहे कीं, सामना संपतांच खेळाडू कपडे बदलण्याच्या खोलींत येतात आणि वार्ताहर तेथेंच त्यांना गांठून प्रश्न विचारतात. दैनिक रात्रीं छापावयास जातें. तेव्हां त्या खोलींत जो वेळेवर पोंचला त्याचा मजकूर पूर्ण, आणि जो बाहेर राहिला त्याचा अपुरा. व्हिसरबाई बाहेर, मोटारी उभ्या करण्याच्या पटांगणांत, थंडीवाऱ्यांत खेळाडूंची वाट पाहत उभ्या राहत. एकदां पिट्सबर्गच्या एका नामांकित खेळाडूला प्रश्न विचारण्यासाठीं त्या वही घेऊन पुढें झाल्या. त्यानें ती वही घेतली, तीवर स्वतःची सही केली आणि ती परत देऊन तो चालता झाला. वही घेऊन उभी असलेली तरुणी सही मागावयासच आलेली असणार, याविषयीं त्याला शंकाहि आली नाहीं.

हें दार प्रथम ठोठावलें गेलें तें न्यायालयांत, आणि तेंहि बेसबॉलच्या निमित्तानें. १९७७ च्या 'वर्ल्ड सीरीज' सामन्यांच्या वेळीं 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या साप्ताहिकाच्या वार्ताहर मेलिसा लुडके यांना लॉकर-रूममध्यें जाण्यास बेसबॉलच्या आयुक्तांनीं मनाई केली. लुडकेबाई व त्यांच्या साप्ताहिकाचे मालक यांनीं दावा लावला. न्यूयॉर्कच्या संघराज्य-न्यायालयांत तो कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांच्यापुढें आला. अशा न्यायालयाच्या न्यायाधीशपदीं १९६६ सालीं नेमल्या गेलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री होत्या. खेळाडूंच्या लज्जारक्षणाची सोय पडद्यानें किंवा टॉवेलानेंहि होण्यासारखी आहे; तेवढ्यासाठीं एका वार्ताहराला केवळ स्त्री म्हणून तिच्या पोटापाण्याच्या कामापासून दूर ठेवतां येणार नाहीं, असा त्यांच्या सप्टेंबर १९७८ च्या निर्णयाचा आशय होता. निर्णय न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमपुरता होता. इतर शहरांत व इतर खेळांत दारें हळूहळू, कुरकुरतच उघडलीं.

दार उघडलें, पण आंत गेलेल्या स्त्रीचें म्हणणें कोण ऐकणार? दूरचित्रवाणीच्या क्षेत्रांत हा प्रश्न अधिकच बिकट होता. वर्तमानपत्रांत लिहिणाराचा चेहरा दिसत नाहीं. पडद्यावर प्रथम चेहराच दिसतो. १९७५ सालीं सीबीएस या वाहिनीनें फुटबॉलविषयक आपल्या लोकप्रिय कार्यक्रमांत फिलिस जॉर्ज यांना घेतलें. त्या १९७१ च्या 'मिस अमेरिका'. खेळाडूंना मोकळेपणानें बोलतें करण्याची हातोटी त्यांच्याजवळ होती, परंतु त्यांच्या रूपाचीच चर्चा अधिक झाली. १९८४ मध्यें त्याच वाहिनीनें व्हिसरबाईंना बोलाविलें, तेव्हां त्यांच्या पाठीशीं दहा वर्षांची वार्ताहरी होती.

ही वार्ताहरी पडद्यावर किती उपयोगी पडते, हें मैदानाच्या कडेला उभें राहून काम करणारालाच कळतें. वरच्या कक्षांत बसलेल्या समालोचकाला सारें मैदान दिसतें. खालीं उभ्या असलेल्या निवेदिकेला पुष्कळदां खेळाडूंच्या पाठीच दिसतात. कानांत निर्मात्याच्या सूचना, भोंवतीं हजारों प्रेक्षकांचा कोलाहल, आणि बोलावयास अवघे वीस-तीस सेकंद. तेवढ्यांत कोणता खेळाडू कशानें जखमी झाला, प्रशिक्षकानें डाव कां बदलला, हें नेमकें सांगावयाचें. चुकीची बातमी एकदां तोंडून गेली कीं लाखों घरांत पोंचते. ज्याची खेळाडूंशीं, प्रशिक्षकांशीं व त्यांच्या मदतनिसांशीं जुनी ओळख आहे, त्यालाच या वेळीं खरी माहिती मिळते. आणि ती ओळख व्हिसरबाईंनीं पटांगणांत उभ्या राहून मिळविलेली होती.

त्यांचें कार्य फुटबॉलपुरतेंहि राहिलें नाहीं. १९८९ सालीं बर्लिनची भिंत कोसळली, तेव्हां पूर्व जर्मनींतील क्रीडाजगताचें पुढें काय होणार, याचा वृत्तान्त देण्यासाठीं वाहिनीनें त्यांना तिकडे पाठविलें. जानेवारी १९९२ मध्यें मिनिॲपोलिस येथें झालेल्या 'सुपर बोल' या अंतिम सामन्यानंतर विजयचषक-प्रदानाचा समारंभ त्यांनीं चालविला. तोंपर्यंत हें काम कोणा स्त्रीकडे आलें नव्हतें. १९९८ मध्यें एबीसी वाहिनीच्या सोमवार-रात्रींच्या प्रसिद्ध फुटबॉल कार्यक्रमांत मैदानावरील निवेदिका म्हणून त्यांची नेमणूक झाली.

आणि दोनच वर्षांनीं, २००० सालीं, त्यांना त्या कार्यक्रमांतून वगळण्यांत आलें. त्यांचें वय तेव्हां ४६ होतें; त्यांच्यानंतर आलेली निवेदिका त्यांच्याहून वीस वर्षांनीं लहान होती. पुरुष समालोचकाचे केस पांढरे झाले म्हणजे त्याला अनुभव म्हणतात. स्त्रीच्या बाबतींत त्याच वर्षांचा हिशेब निराळ्या वहींत मांडला जातो. व्हिसरबाई खचल्या नाहींत. त्याच वर्षीं त्या सीबीएसकडे परतल्या आणि काम करीत राहिल्या. २००६ सालीं धंदेवाईक फुटबॉलच्या कीर्तिमंदिराकडून दिलें जाणारें पीट रोझेल पारितोषिक त्यांना मिळालें, आणि २०२० सालीं क्रीडा-प्रसारणांतील जीवनगौरवाचा एमी पुरस्कार. हे दोन्ही सन्मान मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री.

मग अधिकाराचा प्रश्न सुटला काय? त्याचें उत्तर दुसऱ्या एका बाईंच्या अनुभवांत सांपडतें. टँपा शहरांतील वृत्तनिवेदिका गेल सिअरेन्स यांनीं २७ डिसेंबर १९८७ रोजीं एनबीसी वाहिनीवरून सिॲटल व कॅन्सस सिटी या संघांच्या सामन्याचें धांवतें वर्णन केलें. राष्ट्रीय फुटबॉल लीगच्या सामन्याचें असें वर्णन करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. वाहिनीनें त्यांना आणखी सामने देऊं केले. परंतु त्यांच्या गांवच्या केंद्राला तें मानवलें नाहीं, आणि बाईंनीं बातम्यांचें आपलें नेहमींचें काम पत्करलें. त्यानंतर राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर हा ध्वनिक्षेपक एका स्त्रीच्या हातीं आला तो ११ सप्टेंबर २०१७ रोजीं, बेथ मोविन्स यांच्या रूपानें. मध्यें जवळजवळ तीस वर्षें गेलीं. कडेला उभें राहून खबर देण्याचें काम स्त्रीकडे लवकर आलें; वर बसून 'काय घडलें' हें निश्चयानें सांगण्याचा मान मिळावयास आणखी एक पिढी जावी लागली.

न्यायालयाला दार उघडतां येतें, वाहिनीला खुर्ची देतां येते. परंतु ऐकणाराचा विश्वास या दोघांच्याहि हातीं नाहीं. तो घराघरांतल्या दिवाणखान्यांत ठरतो. सामन्याचें वर्णन एखादी स्त्री करूं लागली, म्हणजे तिचें वय, पोशाख व आवाज यांची चर्चा सुरू होण्यापूर्वीं तिनें सांगितलेला डाव बरोबर आहे कीं नाहीं, एवढें पाहावें. चुकलें तर चुकलें म्हणावें, साधलें तर मान डोलवावी. पुरुष समालोचकाला एवढा न्याय आजवर मिळतच आलेला आहे.