शहाजिरे : स्वयंपाकघरातील एक जुने औषध



वस्तुपाठासाठी नेहमीच दूरची वस्तू शोधावी लागत नाही. आपल्या मसाल्याच्या डब्यातील शहाजिरे घ्या. युरोपात ज्याला कॅरावे म्हणतात, त्या शहाजिऱ्याविषयी आज बोलावयाचे आहे.

धने, ओवा, शेपू यांच्याच कुळातील ही वनस्पती. पहिल्या वर्षी गाजरासारखे मूळ व पाने, दुसऱ्या वर्षी छत्रीसारखा पांढरा फुलोरा. बी म्हणून आपण वापरतो ते वास्तविक फळाचे अर्ध होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन ग्रंथकार प्लिनी याने तिचे नाव आशिया मायनरमधील कारिया प्रांतावरून पडल्याचे लिहिले. त्याच शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने ती पाचक असल्याचे नोंदविले.

पुढे युरोपात राय धान्याच्या पावात, चीजमध्ये आणि विशेषतः कोबीत शहाजिरे पडू लागले. कोबीने पोट फुगते, हे गृहिणींना पक्के ठाऊक होते. औषध त्यांनी भांड्यातच घातले! जेवणानंतर साखरेत घोळलेले दाणे चघळीत, जशी आपण बडीशेप चघळतो. १६०० साली छापलेल्या शेक्सपिअरच्या 'हेन्री चौथा' नाटकाच्या दुसऱ्या भागात यजमान पाहुण्याला आपल्या बागेतील सफरचंद शहाजिऱ्याबरोबर देऊ करतो. शहाजिऱ्याचा अर्क ब्रिटिश फार्माकोपियातही होता. तान्ह्या मुलांच्या पोटातील वायूवर तो देत असत.

हा अनुभव निराधार नव्हता. दाण्यातील तेलात कार्व्होन हे द्रव्य मुख्य असते, आणि त्या तेलाने आतड्यांच्या स्नायूंचा ताण सैल होतो. गंमत अशी की, पुदिन्याच्या एका जातीतही कार्व्होनच असते; परंतु दोहोंच्या अणुरचना डाव्या-उजव्या हातांसारख्या परस्परांची प्रतिबिंबे असल्यामुळे वास निराळा येतो.

अडचण आहे ती नावांची. आपल्या बाजारात शहाजिरे म्हणून काश्मीरकडील बारीक, काळसर दाणाही मिळतो. ती वनस्पती वेगळी. कलौंजीलाही कोणी काळे जिरे म्हणतात. कडूजिरे तर सूर्यफुलाच्या कुळातले, जंतांवर देण्याचे, चवीला अतिशय कडू. घरून चिठ्ठीत एक नाव लिहून द्यावे आणि पुडीत दुसराच दाणा यावा, असे सहज घडते. आणि पुडी आजारी मुलासाठी असेल तर ही चूक साधी राहत नाही.

म्हणून वर्गात चारही दाणे कागदावर मांडावेत. कॅरावेचा दाणा कोयत्यासारखा वाकडा, तपकिरी, अंगावर पाच फिक्या रेषा असलेला असतो. तो बोटांनी चुरडून मुलांना वास घेऊ द्यावा. त्याच्या तेलाची बाटली मात्र वर्गात आणू नये. ते फार तीव्र असते.