काळ्या पाषाणाच्या पोटात
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

पारनेर-संगमनेरकडे विहिरीचं काम चालू असेल तिथल्या डबराच्या ढिगापाशी जरा थांबा. काळ्या दगडात पांढरे खडे रुतलेले दिसतील, कुठे वाटाण्याएवढे, कुठे मुठीएवढे. विहीर खोदणारे या खडकाला मांजऱ्या म्हणतात. खड्यांवर सौम्य ॲसिडचा थेंब टाका. काही ढिम्म राहतात, ते झिओलाइट. काही फसफसतात, ते कॅल्साइट. ती फसफस म्हणजे दगडात कोंडलेला कार्बन डायऑक्साइड. हा वायू जमिनीत गाडता येईल का, असं आज जग विचारतंय; आपल्या खडकानं ते केव्हाच करून ठेवलंय.

दख्खनचा हा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर. वायू पाण्यात विरघळला की पाणी आंबट होतं, खडक कुरतडतं, ही मूलद्रव्यं सुटतात आणि वायूशी जुळून त्यांचा पुन्हा दगड होतो. नॉर्वेनं १९९६ पासून समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात वर्षाला दहा लाख टनांच्या घरात वायू सोडला, पण तिथे तो बराच काळ वायूच राहतो, वरच्या खडकाचं झाकण पक्कं लागतं. आइसलँडमध्ये २०१२ साली बेसाल्टमध्ये सोडलेल्या वायूपैकी ९५ टक्के दोन वर्षांत दगड झाला. गळायला जवळजवळ काही उरलंच नाही.

मग नगर जिल्ह्यात काय अडलंय? वायू तर आहे. धुराड्यातून तो वेगळा काढणं महागडं काम. पण साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळी आंबते तेव्हा जवळजवळ शुद्ध वायू आयता बाहेर पडतो. लिटरभर इथेनॉलमागे सुमारे पाऊण किलो. शिवाय हा कार्बन उसानं हवेतूनच घेतलेला, म्हणजे तो गाडला तर हवेतला साठा खरोखर घटतो. काही ठिकाणी हा वायू शीतपेयांसाठी विकतात. बाटली उघडली की परत हवेत. अमेरिकेत इलिनॉयमध्ये मक्याच्या इथेनॉलचा वायू २०११ पासून जमिनीत सोडू लागले, तो मात्र वालुकाश्मात.

घोडं अडतं पाण्यापाशी. आइसलँडच्या पद्धतीत टनभर वायू विरघळवायला सुमारे २५ टन पाणी लागतं. दिवसाला एक लाख लिटरची डिस्टिलरी धरा: ७५ टन वायू, म्हणजे रोज पावणेएकोणीस लाख लिटर पाणी. दहा हजार लिटरचे १८७ टँकर! ते पाणी जमिनीतूनच काढून तिथेच परत सोडता येतं, हे खरं. पण याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर बंद केले, पाण्याचा ताळेबंद मांडला, तेव्हा कुठे त्या गावाला पाणी दिसलं. अशा जिल्ह्यात आंबट पाणी खाली सोडणार म्हटल्यावर ग्रामसभा कारखान्याला सुखासुखी परवानगी देईल, असं मला वाटत नाही. देऊही नये.

दुसरी वाट अमेरिकेतल्या वॉलुलाची. तिथे २०१३ मध्ये सुमारे १,००० टन वायू पाण्याशिवाय, दाबाखाली, आठशे मीटरहून खोल बेसाल्टमध्ये सोडला; दोन वर्षांनी काढलेल्या खडकाच्या नमुन्यांत कार्बोनेटचे दाणे सापडले. आपल्यासाठी मला हीच वाट बरी वाटते, कारण विहिरी-बोअरचं पाणी त्याच्या बरंच वर राहतं.

पण आपल्याकडे तेवढा जाड बेसाल्ट हवा. कोयनेजवळच्या खोल बोअरमध्ये तो १,२४७ मीटर निघाला, किल्लारीत जेमतेम ३३८. पूर्व-पश्चिम पाहिलं तर नगर या दोघांच्या मधलं. आणि जाडी मिळाली तरी जागा मिळेलच असं नाही. आइसलँडचा खडक तरुण, पोकळ. आपल्या खडकाच्या पोकळ्या झिओलाइटनं आणि त्याच फसफसणाऱ्या कॅल्साइटनं कोट्यवधी वर्षांत बऱ्याच बुजवल्यात. रसायन आपल्या बाजूनं आहे, जागेचा भरवसा नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रकल्पाच्या घोषणेआधी अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात एक आणि पूर्वेला शेवगावकडे एक, असे दोन खोल बोअर घ्या. खडकाचे अखंड नमुने बाहेर काढा, पोकळ्या किती रिकाम्या आहेत ते मोजा, आणि आकडे आधी गावाच्या चावडीवर लावा.