विमानातील शेगडी



वैशाखाच्या या उकाड्यात मस्तगडावर पंख्याखाली बसून ऊब कशी मिळवावी यावर बोलणे म्हणजे श्रोत्यांची थट्टा आहे, असे कोणी म्हटले तर आम्ही त्याला दोष देणार नाही. पण विषय आम्ही शोधला नाही, तो पत्राने आमच्याकडे आला. आमचा एक भाचा नोकरीच्या निमित्ताने अमेरिकेच्या थंड मुलखात राहतो. गेली चार वर्षे तो घराच्या गॅरेजमध्ये दोन माणसांचे विमान बांधीत आहे. तिकडे अर्ध्याहून अधिक काम हौसेने स्वतः केले असेल तर असे विमान नोंदवून उडविता येते. आपल्याकडेही हे अगदीच अपूर्व नाही. मुंबईस कांदिवलीच्या चारकोप भागात अमोल यादव या वैमानिकाने इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. ते २०१६ च्या फेब्रुवारीत ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिले आणि २०१७ मध्ये त्याला सरकारी नोंदणी मिळाली. तेव्हा मराठी माणूस विमान बांधतो आहे, याचे आश्चर्य आता करावयास नको.

भाच्याने लिहिले होते, “मामा, इंजिन एवढी उष्णता बाहेर फेकते. त्यातली थोडी आत वळवली की झाले. यात विचार करण्यासारखे काय आहे?” त्याच्या शेजारची खुर्ची त्याच्या बायकोची आहे, म्हणून आम्ही विचार केला.

प्रथम इंजिनाविषयी. पहिल्या महायुद्धातील विमानांत सिलिंडरच पंख्याबरोबर गरगर फिरत, त्यालाही रोटरी म्हणत. ते वेगळे. हे रोटरी इंजिन फेलिक्स वांकेल या जर्मन संशोधकाच्या कल्पनेतून निघाले आणि १९५७ मध्ये प्रथम चालले. यात खालीवर होणारा दट्ट्या नाही. फुगीर बाजूंचा तिकोनी रोटर एका लांबट पोकळीत फिरतो आणि त्याच्या तीन बाजूंवर पाळीपाळीने पेट्रोलचा भडका उडतो. जपानच्या माझदा कंपनीने ते मोटारीत वर्षानुवर्षे चालविले. त्या मोटारींतून काढलेले दोन रोटरांचे, १३०८ घनसेंटिमीटरचे इंजिन हौशी लोक विमानास बसवितात. लहान, हलके आणि गुळगुळीत चालणारे आहे. दोष असा की त्याला खाणे फार लागते आणि त्याचा उच्छ्वास फार गरम असतो.

हिशेब ढोबळ करू. तासाला तीस लिटर पेट्रोल जळाले तर त्यातून सुमारे २६७ किलोवॉट उष्णता निघते. पंख्याच्या वाट्याला जेमतेम चौथाई येते. उरलेले दोनशे किलोवॉट म्हणजे घरात वापरतो तशा एक किलोवॉटच्या दोनशे विजेच्या शेगड्या. ही उष्णता एक्झॉस्टच्या नळीतून, पाण्याच्या रेडिएटरमधून आणि तेलाच्या कूलरमधून वाऱ्यावर जाते. पौषातल्या पहाटे दहा अंशांवर आपण जालन्यात शेकोटी पेटवतो. वर तर दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंश कमी होतात. भाच्याच्या गावी जमिनीवर शून्य असले तर तीन हजार मीटरवर उणे वीसच्या आसपास. बोटे बधिर होतात, श्वासाची वाफ काचेवर आतून गोठते. तरी एवढ्याशा खोलीला दोन-तीन शेगड्या पुष्कळ झाल्या. दोनशेतल्या तीन! म्हणूनच भाच्याला प्रश्न क्षुल्लक वाटला.

लहान विमानांतली रूढ पद्धत अशी : एक्झॉस्टच्या नळीभोवती पत्र्याचे वेष्टण घालावयाचे, मधून बाहेरची हवा न्यावयाची, ती तापली की आत सोडावयाची. वजन थोडे, खर्च थोडा. पण आतली हवा आणि इंजिनाचा धूर यांच्यामध्ये एका पत्र्याची जाडी तेवढी असते. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट बिलगतो.

या वायूची ओळख आम्हाला पुस्तकातून झाली नाही. लहानपणी आजोळी मावशी बाळंत झाली होती. थंडीचे दिवस, बाळंतिणीच्या खोलीत शेगडी, वर ओव्याची धुरी. निखारे लाल झाले, धूर थांबला, म्हणून वारा लागू नये यासाठी दार लावून घेतले. निखाऱ्यांचा धूर थांबला तरी हा वायू थांबत नाही, हे घरात कोणास ठाऊक नव्हते. पहाटे आजी आत गेली तेव्हा मावशी हाकेला ओ देईना आणि मूल निपचित. आजीने दोघांना उचलून अंगणात आणवले. दोघेही वाचली. मावशी पुढे सांगे, की डोके दुखले, मग छान झोप आली. भीती मुळीच वाटली नाही. त्या “छान झोप” शब्दांचा धसका आम्ही अजून घेऊन आहोत. विमान चालविणाऱ्याला उठवायला आजी येत नाही.

हे अतिशयोक्तीचे नव्हे. २१ जानेवारी २०१९ च्या रात्री फ्रान्समधील नांतहून कार्डिफला निघालेले एक इंजिनाचे पायपर मालिबू विमान इंग्लिश खाडीत कोसळले. त्यात अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू एमिलिआनो साला होता. त्याच्या रक्तातले ५८ टक्के हिमोग्लोबिन या वायूने व्यापलेले आढळले. वैमानिकावरही त्याचा परिणाम झाला असावा, असे ब्रिटिश चौकशी मंडळाने २०२० मध्ये नोंदविले. आवाज करून सावध करणारे यंत्र त्या विमानात नव्हते. आणि ते इंजिन साधे पिस्टनचे होते. रोटरीत एक्झॉस्टला झडप नसते. भोक उघडले की वायू जळत जळतच नळीत शिरतो, नऊशे अंशांच्या घरात. आपल्या रोलिंग मिलमधली लाल सळई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना त्या उष्णतेत लोखंड किती नरम पडते हे सांगावयास नको. अशा नळीला आज ना उद्या तडा जाणार, असेच धरून चालावे.

मग काय करावे? विजेने तापवावे म्हटले तर बारा व्होल्टांचा साठ अँपिअरचा अल्टर्नेटर सगळा मिळून ७२० वॉट देतो, म्हणजे एक शेगडीही नाही. तापणारे जाकीट मात्र त्यावर चालते, आणि एकट्याने उडणाऱ्याला आम्ही तेच सुचविले असते. पेट्रोलचा स्वतंत्र बर्नर मोठ्या विमानांना ठीक. पायाशी दुसरी आग कशाला? तेलाच्या कूलरमागची गरम हवा मोहक आहे, कारण रोटर आतून तेलानेच थंड होतो आणि तेलातून पुष्कळ उष्णता जाते. पण ती हवा इंजिनाच्या कोठडीतून येते, म्हणजे फुटक्या नळीचा वायू तिच्यात मिसळू शकतो.

राहिले पाणी. रोटरी पाण्याने थंड होते, हीच येथे आपली सोय. ऐंशी-नव्वद अंशांचे पाणी दोन रबरी नळ्यांनी आत आणावे, मोटारीतल्यासारखा छोटा रेडिएटर बसवावा, मागे पंखा. तो फुटला तर? गोडसर वास येतो, काच धुरकटते, पाय ओले होतात. हे सारे त्रासाचेच आहे, पण कळते. आमचे पारडे येथे झुकले.

याची किंमत आहे, ती लपवू नये. पाणी गेले तर इंजिन तापेल, आणि तापणे या इंजिनाला मुळीच सोसत नाही. त्याच्या घरांमधल्या रबरी कड्या जातात. म्हणजे ऊब देणारी नळी फुटली तर वैमानिक शुद्धीवर राहील, पण इंजिन जाऊ शकेल. म्हणून जाणाऱ्या नि येणाऱ्या अशा दोन्ही नळ्यांवर, फायरवॉलच्या इंजिनाकडील बाजूस तोट्या हव्यात आणि त्या बसल्या जागेवरून बंद करता आल्या पाहिजेत. वास आला की तोट्या बंद करून अंगात कोट घालावा, पाण्याच्या काट्यावर नजर ठेवावी आणि जवळचे विमानतळ गाठावे. एरवीही उतरताना इंजिन मंद केले की पाणी निवते नि ऊब कमी होते, तेवढे सोसावे.

भाच्याला हे पटले, पण सगळे नाही. त्याने विचारले, पाण्याची ऊब घेतल्यावर वायूचे इशारायंत्र कशाला हवे? आम्ही कळविले, की फायरवॉलला तारांसाठी पाडलेली भोके आहेत, दाराला फट आहे, आणि नळी आहे तेथेच आहे. परवा त्याने फोटो पाठविला. तोट्या दोन्ही बसल्या आहेत. यंत्रही घेतले आहे, पण ते खुर्चीच्या मागच्या कप्प्यात ठेवले आहे. ते समोर, काट्यांच्या फळीवर लावून मगच पुढचा फोटो पाठव, असे आम्ही त्याला काल रात्री लिहिले आहे.