डोळ्यांची तक्रार : थांबावे केव्हा, धावावे केव्हा
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आजच्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली, याबद्दल मी ऋणी आहे. मी डॉक्टर नव्हे की वैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन उभी हयात प्राथमिक शाळेत घालविलेला एक शिक्षक आहे. म्हणून औषधे सुचविण्याचा अधिकार मला नाही व ती मी सुचविणारही नाही. परंतु सेवानिवृत्तीनंतर नेत्रशिबिरांत रुग्णांची नावे टिपून घेण्याचे काम मी करीत आलो आहे. तेथे डॉक्टरमंडळींच्या तोंडून एक वाक्य वारंवार ऐकू येते : ‘जरा आधी का नाही आणले?’ या प्रश्नाचा विचार आपण घराघरांत करावा, एवढ्यासाठीच मी उभा आहे.

डोळ्याच्या तक्रारी तीन प्रकारच्या मानाव्यात : मिनिटांच्या, तासांच्या आणि दिवसांच्या. ज्या घराला हा भेद कळला, त्या घरातील दृष्टी पुष्कळ अंशी सुरक्षित झाली असे समजावे.

प्रथम मिनिटांची तक्रार घेऊ. आपल्या घरांत पानाचा अथवा तंबाखूचा चुना असतोच. त्याची पुडी किंवा नळी मुलाच्या हाती लागते, तो ती दाबतो आणि चुना फटकन डोळ्यात उडतो. चुना हा क्षार आहे. तो वरवर भाजून थांबत नाही, आत आत शिरत जातो. अशा वेळी गाडी शोधण्यात, शेजाऱ्याला हाक मारण्यात एक क्षणही दवडू नये. मुलाला तत्काळ नळाखाली किंवा तांब्याच्या धारेखाली धरावे, दोन्ही पापण्या बोटांनी फाकवाव्यात आणि नाकाच्या बाजूने कानाकडे स्वच्छ पाण्याची धार निदान अर्धा तास सोडावी. चुन्याचे कण दिसल्यास ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकाने हलकेच काढावेत. मूल रडेल, आकांत करील. तरी हात आखडू नये. लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने चुना ‘मारण्याचा’ प्रयत्न कदापि करू नये. आधी पाणी, मग दवाखाना. हा क्रम उलटला तर पुढे कितीही नामांकित डॉक्टर गाठला तरी गेलेली मिनिटे तो परत देऊ शकत नाही. संडास साफ करण्याचे आम्ल, बॅटरीतील पाणी, शेतावर फवारावयाची औषधे, या सर्वांना हाच नियम लागू आहे.

आता तासांच्या तक्रारी. आपल्यापैकी पुष्कळांची घरे शेतीवर उभी आहेत. ऊस तोडताना पाते लागते, मळणीच्या वेळी भाताचे कूस उडते आणि बुबुळावर ओरखडा उठतो. ओरखडा केसाएवढा असतो. परंतु त्यातून बुरशी अथवा जंतू आत शिरले की जखम पिकते आणि पुढे बुबुळावर कायमचे फूल पडते. नेपाळातील भक्तपूर येथे या विषयाचा अभ्यास झाला व तो २००१ साली प्रसिद्ध झाला. खेड्यातील स्वयंसेवकांनी बुबुळावर ओरखडा उठलेल्यांना साधे जंतुनाशक मलम वेळेवर दिले आणि बुबुळाची जखम पिकणे त्यामुळे टाळता आले. सर्वांत अधिक लाभ पहिल्या १८ तासांत उपाय सुरू झाला तर होतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. सकाळी लागलेला ओरखडा त्याच दिवशी डॉक्टरांच्या दृष्टीखाली गेलाच पाहिजे, हा बोध आपण त्यातून घ्यावा.

प्रत्यक्षात काय घडते? माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांना ऊसतोडीत असे पाते लागले. प्रथम घरातील वडीलधाऱ्या बाईंनी डोळ्यात मध घातला. दोन दिवसांनी कोणा दुकानातून थेंबांची बाटली आली. ते थेंब स्टेरॉइडचे होते. लाली उतरली, ठणका कमी भासला, आणि बरे वाटले म्हणून गृहस्थ पुन्हा फडात गेले. आतील बुरशी मात्र मोकळी वाढत होती. पंधरा दिवसांनी मोठ्या रुग्णालयात नेले तेव्हा त्या डोळ्याची दृष्टी वाचविण्याजोगी उरली नव्हती. स्टेरॉइड हे डॉक्टरांच्या हाती उपयुक्त औषध आहे. परंतु तपासणीवाचून घातल्यास ते लाली झाकते, बुरशीची जखम वाढविते आणि दीर्घकाळ वापरल्यास डोळ्यातील दाब वाढवून काचबिंदू निर्माण करते. म्हणून शेजाऱ्याची उरलेली बाटली आपल्या डोळ्यात घालू नये. मध, एरंडेल, अंगावरचे दूध, जिभेने कचरा काढणे, हे उपचार मायेने केले जातात हे मी जाणतो. पण मायेने घातलेला जंतूही जंतूच असतो.

दुसरी फसवी तक्रार काचबिंदूच्या तीव्र झटक्याची. एका बाजूचे डोके व डोळा असह्य ठणकतो, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, दृष्टी धूसर होते आणि ओकाऱ्या सुरू होतात. ओकाऱ्या पाहून घरचे लोक म्हणतात, ‘पित्त झाले आहे, आल्याचा रस द्या.’ रात्र तशीच जाते आणि त्या एका रात्रीत दृष्टीच्या नाडीला कायमची इजा होऊ शकते. डोकेदुखीबरोबर डोळा लाल व धूसर असेल तर ते पित्त समजू नये.

विटीदांडूची विटी, दिवाळीतील फटाका, लोखंडावर घण मारताना उडालेली किरची, यांनी डोळा फुटल्याचा किंवा आत काही रुतल्याचा संशय असेल, तर तो धुऊ नये, चोळू नये, दाबू नये, रुतलेली वस्तू उपसू नये. डोळ्यावर दाब न पडेल अशा बेताने वाटी किंवा कागदी पेला झाकण म्हणून बांधावा आणि थेट रुग्णालय गाठावे.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. लालीवरून गांभीर्य मोजू नये. कधी खोकताना किंवा जड वस्तू उचलताना डोळ्याच्या पांढऱ्या भागावर रक्ताचा लालभडक डाग उमटतो. दुखत नाही, दृष्टी शाबूत असते. तो दिसावयास भयंकर, परंतु बहुधा दोन-तीन आठवड्यांत आपोआप विरतो. रक्तदाब तेवढा तपासून घ्यावा. उलट, डोळ्यापुढे विजा चमकू लागणे, काळे ठिपके अकस्मात वाढणे, एका बाजूने पडदा ओढल्यासारखे वाटणे किंवा एका डोळ्याची दृष्टी एकाएकी जाणे, यांत बहुधा ना लाली ना वेदना. तरी त्याच दिवशी, दृष्टी गेली असल्यास त्याच घटकेला, मोठ्या रुग्णालयात गेले पाहिजे.

दिवसांच्या तक्रारी साध्या. रांजणवाडीला दिवसातून तीन-चार वेळा दहा मिनिटे कोमट शेक द्यावा, ती पिळू नये. डोळे येण्याची साथ बहुधा विषाणूंची असते. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीच्या विद्यार्थ्यांपासून राज्यभर तिचा अनुभव आपण घेतला. हात धुणे, टॉवेल व उशी वेगळी ठेवणे, मुलाला शाळेपासून दूर ठेवणे, एवढ्याने एक-दोन आठवड्यांत ती ओसरते. मात्र तीव्र ठणका, उजेड न सोसणे किंवा दृष्टी कमी होणे यांपैकी एकही लक्षण दिसले, तर ती तक्रार साधी राहिली नाही. तान्ह्या बाळाचे डोळे चिकटू लागले किंवा लाल झाले, अथवा मुलाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली, तर तेथेही थांबू नये. तपासणीची सोपी रीत अशी : एक डोळा तळहाताने, न दाबता, झाकून भिंतीवरील कॅलेंडर वाचावे, मग दुसरा. दोन डोळ्यांत नवा फरक आढळला की निघावे.

जावे कोठे? चष्म्याचे दुकान म्हणजे दवाखाना नव्हे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात निदान पुढचा मार्ग कळतो. जिल्हा रुग्णालयात आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत, जसे पुण्याचे ससून किंवा मुंबईचे जे. जे., नेत्रविभाग आहेत. वाहन नसल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे.

शेवटी एक कटू गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मिळवत्या पुरुषाचा डोळा दुखला तर घर त्याच दिवशी शहर गाठते. सुनेचा दुखला तर ‘सण उरकू द्या’ म्हणतात. आणि म्हातारीचा दुखला तर ‘पौषात शिबिर आहेच’ असे म्हणतात. बंधुभगिनींनो, शिबिरे मुख्यतः मोतीबिंदूसाठी भरतात आणि मोतीबिंदू बहुधा थांबू शकतो. पिकणारे बुबुळ पौषापर्यंत थांबत नाही. या बाया-माणसांना पैशाइतकीच सोबतीची अडचण असते. म्हणून माझी मंडळाला नम्र सूचना आहे की, प्रत्येक गावच्या शाखेने ज्ञातिगृहात एक फलक लावावा. त्यावर जवळच्या नेत्रविभागाचे ठिकाण असावे आणि रात्री-अपरात्री सोबत येण्यास सिद्ध असलेल्या दोन तरुणांची नावे असावीत. याला खर्च फळ्याचा आणि खडूचा. माझ्या गावच्या फलकाचे अक्षर काढून देण्याचे काम मी आजच पत्करतो.