काठावर पास



दहावीला गणितात काठावर पास झालेले दोघं-तिघं आज समोरच बसलेत. नावं घेत नाही. १०० पैकी ३५ म्हणजे पास आणि ३४ म्हणजे नापास, हे आपल्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

अकरावीत गणितात ‘इंटर्व्हल’ आला तेव्हा मला मधली सुट्टीच आठवली. [३५, १००] आणि (३५, १००] यांत फरक फक्त डावीकडच्या कंसाचा. चौकटी कंस म्हणजे टोकाचा आकडा आत, गोल कंस म्हणजे बाहेर. पहिल्यात आपले काठावरचे मित्र पास, दुसऱ्यात नापास. शिवाय दुसऱ्यात सगळ्यात लहान संख्याच सापडत नाही: ३५.१ म्हणावं तर ३५.०१ आहेच, तिच्याहून लहान ३५.००१.

खरं तर सरांनी हे शाळेतच शिकवलं होतं. सांख्यिकीच्या तक्त्यात ०–१०, १०–२० असे वर्ग असायचे. १० गुणवाला कुठे मोजायचा? सर म्हणायचे, पुढच्या वर्गात. म्हणजे [०, १०), [१०, २०). कुणी दोनदा मोजला जात नाही, कुणी सुटतही नाही. पायथॉनमध्ये ० ते १० ची रेंज मागितली की ० ते ९ मिळतात, तीही हीच रीत. डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९८२ साली एका टिपणात तिची बाजू मांडली: दोन टोकांची वजाबाकी केली की किती संख्या आहेत ते थेट कळतं. मी मात्र शाळेत नुसता नियम पाठ केला.

पहिल्या नोकरीत शिष्यवृत्तीचे अर्ज छाननारा प्रोग्राम माझ्याकडे आला. अट होती ‘६० टक्के व त्याहून जास्त’. मी लिहिलं, ‘६० पेक्षा जास्त’. चाचणीत ५९ घातले, ६१ घातले, दोन्ही उत्तरं बरोबर. ६० घातलेच नाहीत. नकाराची पत्रं गेली. मग एका वडिलांचा फोन आला, “मॅडम, पोरीला बरोब्बर साठ आहेत, मग नाही का म्हणालात?”

दुरुस्ती एका बरोबरच्या चिन्हाची होती. यादी पुन्हा काढली, तिचं नाव आलं. पण ६० वाल्यांपैकी दोघांनी तोवर कॉलेजचा प्रवेश सोडला होता. त्यांना मी स्वतः फोन केले. एकाचा लागलाच नाही.

सर, आता चाचणीला बसले की पहिला आकडा टोकाचा घालते.